वर दिला आणि देव अडकला

स्वतःलाही उचलता येणार नाही इतका जड दगड देव घडवू शकतो का? घडवू शकत असेल, तर त्याला न उचलवणारी एक वस्तू जगात आली. घडवू शकत नसेल, तर त्याला न जमणारे एक काम आधीच निघाले. दोन्हीकडून सर्वशक्तिमानपणाला बाध येतो. चुनखडीचे डोंगर फोडून सिमेंट करणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या पट्ट्यात दगडाच्या वजनाचे कौतुक कोणाला नाही. या दगडाचे वजन मात्र तर्कातले आहे आणि मध्ययुगापासून तो धर्मपंडितांच्या वाटेत पडून आहे.

तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने त्यावर दिलेले उत्तर आजही सर्वाधिक मानले जाते. देव सर्व काही करू शकतो याचा अर्थ, जे जे शक्य आहे ते सर्व करू शकतो. चौकोनी वर्तुळ ही एखादी अवघड वस्तू नव्हे, ती वस्तूच नव्हे. दोन शब्द शेजारी ठेवले एवढेच. ‘सर्वशक्तिमानाला न उचलवणारा दगड’ त्याच जातीचा. तो घडवता येत नाही यात देवाचे काही उणे नाही. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने याच्या उलट टोक गाठले. गणितातली सत्येसुद्धा देवाच्या इच्छेने ठरली आहेत, त्याने मनात आणले असते तर वर्तुळाच्या त्रिज्याही असमान झाल्या असत्या, असे त्याचे म्हणणे. ते मान्य केले तर देवाविषयी कोणताच युक्तिवाद करायला जागा उरत नाही, त्याच्या बाजूनेही नाही.

अक्वायनसने दगड बाजूला सारला, तरी त्याच प्रश्नाचे दुसरे रूप सहजी हटत नाही. जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात ते मांडले: पुढे स्वतःलाच आवरता येणार नाहीत असे जीव, किंवा स्वतःवरच बंधनकारक ठरतील असे नियम, देव करू शकतो का? यात चौकोनी वर्तुळासारखे काही नाही. बापाने शेत मुलाच्या नावावर करून दिले की ते परस्पर विकण्याचा त्याचा अधिकार संपतो, आणि असे व्यवहार तहसिलात रोज होतात. माणसाला जमते ते देवाला जमू नये? आणि जमले, तर त्या घटकेपासून तो सर्वशक्तिमान राहिला का? मॅकीने तुलना संसदेशी केली होती. सार्वभौम संसद पुढच्या संसदेचे हात बांधणारा कायदा करू शकते का, हा तोच पेच.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. त्याचे नाव भस्मासुर. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म व्हावा, असा वर शंकराने दिला आणि मग त्यालाच पळावे लागले. दिलेला वर परत घेणे हा पर्याय कथेत कोणाला सुचतही नाही. विष्णू मोहिनी होऊन येतो, नाचता नाचता असुराचा हात त्याच्याच डोक्यावर ठेववतो आणि वर शब्दशः खरा होतो. हिरण्यकशिपूचेही तसेच. घरात मरण नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नरसिंह या वराचे एकही कलम मोडत नाही, फक्त कलमांच्या मधली फट शोधतो. पुराणांतले देव बळाने कमी पडत नाहीत, शब्दाने बांधले जातात. आणि सुटतात ते वकिलाच्या चातुर्याने.

गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडा येथे या विचारावर एक अख्खे तीर्थ उभे आहे. वैनगंगा येथे उत्तरेकडे वळते आणि काठावर मूर्तींनी भरलेल्या भिंतींचा मंदिरसमूह आहे. पुरातत्त्ववेत्ते अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात त्याची नोंद केली. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. स्थळाशी जोडलेली कथा मार्कंडेय ऋषींची. निपुत्रिक मृकंडू ऋषींपुढे शंकर दोन पर्याय ठेवतो: दीर्घायुषी पण मंद मुलगा, नाहीतर सोळाच वर्षे जगणारा गुणी मुलगा. सर्वशक्तिमान देवाने दोन्ही गुण एकाच मुलात का घालू नयेत, याचे उत्तर कथा देत नाही. सोळावे वर्ष सरताना यम येतो, मुलगा पिंडीला मिठी मारतो, पाश पिंडीवरही पडतो आणि शंकर प्रकट होऊन यमाला लाथेने ठार करतो. मुलगा चिरंजीव होतो. मग सोळा वर्षांच्या शब्दाचे काय? परंपरेने त्याचीही तजवीज केली आहे: मार्कंडेय कायमचा सोळा वर्षांचाच राहिला. आयुष्य वाढले, वय वाढले नाही! पुढे यमालाही जिवंत करावे लागले, कारण मरणच थांबले आणि पृथ्वीला भार सोसवेना.

शक्तीनंतर ज्ञान. सर्वज्ञ देवाला माणूस उद्या काय करणार हे आजच ठाऊक असेल, तर उद्या त्याने वेगळे काही करण्याची सोय उरते का? सहाव्या शतकातला तत्त्वज्ञ बोएथियस म्हणतो की देवाला आज-उद्या नसतातच, सारा काळ त्याच्यापुढे एकदम असतो; पाहणे म्हणजे घडवणे नव्हे. भारतीय चर्चेत जोर निराळ्या जागी आहे. देव समर्थ आणि दयाळू, तर एक सुखी आणि दुसरा दुःखी का? शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात सांगतात की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, पीक बियाण्याप्रमाणे येते. बियाणे म्हणजे ज्याचे त्याचे कर्म. देव पक्षपाताच्या आरोपातून सुटतो खरा, पण कर्माकडे पाहून वागणारा देव कितपत स्वतंत्र, ही शंका त्यातूनच उभी राहते.

जैनांनी ही गाठच पडू दिली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला पार्श्वनाथाचे प्रसिद्ध तीर्थ आहे. जैन मताने तीर्थंकर सर्वज्ञ असतो, पण तो जग निर्माण करत नाही, चालवत नाही, कोणाला वर देत नाही. ज्ञान पूर्ण, सत्ता शून्य. त्यामुळे जगातल्या दुःखाचा जाब त्याला कोणी विचारत नाही. सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टाने मात्र या सर्वज्ञतेलाही हटकले. अमुक पुरुष सर्वज्ञ आहे हे ओळखायला ओळखणारा स्वतः सर्वज्ञ हवा, मग ओळखले कोणी? दगडाच्या कोड्याइतका हा प्रश्न गाजला नाही, पण त्याची धार अधिक आहे.

गडचांदूरच्या दक्षिणेला माणिकगडाचे डोंगर आहेत. तिथल्या गोंडांचे देव या वादात सापडतच नाहीत, कारण ते सर्वशक्तिमान असल्याचा दावा कोणी केलेला नाही. गोंड कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागली जातात आणि प्रत्येक कुळाचे पेन, म्हणजे कुलदैवत, आपल्या माणसांपुरते पाहते. मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात सीमेपलीकडच्या आदिलाबादेत राजगोंडांच्या कथा नोंदवल्या. त्यांत श्रीशंभू, म्हणजे महादेव, गोंड देवांना गुहेत कोंडतो आणि गोंडांचा आद्य नायक पहांदी कुपार लिंगाल त्यांना सोडवतो. देव कोंडले जाऊ शकतात, उपाशी राहू शकतात, चुकूही शकतात. गडचिरोलीच्या पूर्वेला, छत्तीसगडातल्या केशकालजवळ, भंगाराम देवीच्या जत्रेत तर गावोगावचे देव उभे करून त्यांच्यावर रीतसर खटला चालतो. पीक बुडाले, रोगराई हटली नाही अशा तक्रारी लोक मांडतात. दोषी ठरलेल्या देवाची रवानगी देवळातून बाहेर होते आणि कामगिरी सुधारली तर त्याला परत जागा मिळते.