लघु औषधनिर्माणशाळा : भांडवलाचे नियोजन

औषधनिर्मितीचा परवाना कसा मिळवावा, याविषयी वैद्यबंधू व औषधी दुकानांचे मालक आमच्याकडे नेहमी विचारणा करतात. भांडवल कसे उभारावे, हा प्रश्न मात्र बहुधा इमारत पूर्ण झाल्यावर विचारला जातो. आमच्याही हातून हेच घडले, म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘टी’ २००० साली अंतर्भूत झाली. तीनुसार आयुर्वेदीय औषधनिर्मितीस किमान १२०० चौरस फूट आच्छादित जागा लागते. ही अट डोळ्यांपुढे असल्याने बांधकाम, पल्व्हरायझर, गोळ्यांचे यंत्र यांवरच आमचा सारा पैसा खर्च झाला. आंबेगाव-जुन्नर भागात उन्हाळ्यात बाळहिरडा निघतो. गोळा करणाऱ्यांना तो रोखीनेच पैसे देऊन घ्यावा लागतो. त्या वर्षी आमच्या हाती रोकड नव्हती. पुढे पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घेतला, आणि त्यातलाही बराचसा किडका निघाला.

म्हणून प्रकल्प अहवाल लिहिताना यंत्रांच्या कोटेशनपासून आरंभ न करता आपण कोणते कल्प करणार, येथून करावा. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते असे सांगितले आहे, तर आसव-अरिष्टे जुनी होतील तशी गुणवान मानली आहेत. वैद्यास हे ठाऊकच असते. पण याचा अर्थ पैशाच्या भाषेतही लावावा लागतो. चूर्णाचा माल थोडा थोडा करून लवकर विकावा लागतो, त्यामुळे त्यातील पैसा लवकर सुटतो. अरिष्टातील पैसा संधानपात्रात महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ अडकून पडतो.

बँक खेळत्या भांडवलाचा हिशेब कसा करते, हे येथे समजून घेणे अगत्याचे आहे. नायक समितीच्या सूत्रानुसार अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के इतकी गरज धरली जाते. त्यांपैकी २० टक्के बँक देते व ५ टक्के उद्योजकाने घालावयाचे असतात. विक्री २४ लाख रुपये धरल्यास गरज ६ लाखांची, बँकेचा वाटा ४ लाख ८० हजारांचा. परंतु या सूत्रात पैसा तीन महिन्यांत फिरून येतो असे गृहीत आहे. अरिष्टे करणाऱ्याचा कच्चा माल तीन महिने, संधान-गाळण-भरणी दोन महिने व दुकानदारांची उधारी दोन महिने धरली, तर चक्र सात महिन्यांचे होते. महिन्याचा खर्च सव्वा लाख असेल, तर पावणेनऊ लाख रुपये अडकतात. म्हणजे पावणेतीन लाखांची तूट! ती भागविण्यासाठी सावकाराकडे किंवा पत्नीच्या दागिन्यांकडे वळलेले सहव्यावसायिक आम्ही पाहिले आहेत. वस्तुतः हे सूत्र किमान मर्यादा सांगणारे आहे. उत्पादनचक्र लांब असल्याचे कल्पनिहाय तक्त्याने दाखविल्यास अधिक रकमेची मागणी करता येते. शाखाधिकाऱ्यास संधान म्हणजे काय हे ठाऊक नसते. ते समजावून सांगण्याचा संकोच आपणच करतो.

तारणाविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या किमान दहा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. त्याहून मोठ्या रकमेसाठी २००० साली केंद्र शासन व सिडबी यांनी स्थापिलेल्या पतहमी निधीचे साह्य घेता येते; हमीशुल्क अर्थातच कर्जदारावर पडते. राहत्या घराची कागदपत्रे पुढे करण्यापूर्वी या निधीचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.

अनुदानावर मात्र फार भिस्त ठेवू नये. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन-उद्योगाची प्रकल्पमर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढविण्यात आली, आणि सर्वसाधारण गटास शहरात १५ व ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान ठरविण्यात आले. पण ती रक्कम उद्योजकाच्या हाती न पडता तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहावी, अशी त्यातील तरतूद होती. जमिनीची किंमतही प्रकल्पखर्चात धरली जात नसे, आणि चालू असलेल्या रसशाळेच्या विस्तारास पहिल्या कर्जाची ही योजना लागू नव्हती. सध्याच्या अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्याव्यात, आणि ते बांधकामाचा पाया खणण्यापूर्वी.