समलिंगी तरुणाची कथा आणि आपण : जेम्स बाल्डविनच्या निमित्ताने

दलित साहित्याने मराठीला नवा 'मी' दिला, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरेही आहे. ज्याला गावाने जातीच्या नावानेच हाक मारली त्याने स्वतःच्या नावाने लिहायला घेतले. पुढे बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) यांनी या 'मी'ला घरातूनच प्रश्न विचारला : बाहेर पिचलेला पुरुष घरात कोण असतो? तो प्रश्न चळवळीला सुखावणारा नव्हता. पण त्याने आपले साहित्य मोठे केले. आज तसाच एक प्रश्न दाराशी उभा आहे. वस्तीतला, वसतिगृहातला, पहिल्या पिढीत शिकणारा एखादा मुलगा वयात येतो आणि त्याला मुलगी नव्हे, मुलगा आवडतो. त्याची कथा कशी लिहावी?

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. त्यामुळे जी मुले भीत भीत वही पुढे करतात त्यांची भीती मला परकी नाही. अशा वह्यांमधून या विषयावरच्या काही कथा मी वाचल्या आणि त्यांत एक गोष्ट सारखी आढळली. नायकाला आडनाव नसते. त्याला स्वतंत्र खोली असते, तो इंग्रजीत विचार करतो आणि शेवटी मरतो. लिहिणारा मात्र पत्र्याच्या घरातून आलेला असतो. 'तुझी वस्ती यात कुठे आहे?' असे विचारल्यावर एकजण म्हणाला, 'सर, वस्ती घातली तर कथेला दलित म्हणतील, आणि दलित म्हटलं की हा विषय आपला नाही म्हणतील.' या एका वाक्यात सगळा पेच आला. तो उलगडायला जेम्स बाल्डविनचे उदाहरण उपयोगी पडेल.

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी आणि लढ्याशी आपले नाते जुने आहे. दलित पँथर (१९७२) हे नावच त्या नात्याची खूण. बाल्डविन (१९२४–१९८७) न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, गरिबीत, धर्मोपदेशक सावत्र बापाच्या धाकात वाढला. तो काळा होता, गरीब होता आणि समलिंगी होता. या तिन्ही गोष्टी कादंबरीत उघडपणे एकत्र नांदवायला त्याला बरीच वर्षे लागली. ती का लागली, हे लिहिणाऱ्याने समजून घ्यावे.

'गो टेल इट ऑन द माउंटन' (१९५३) ही त्याची पहिली कादंबरी. तिचा नायक जॉन ग्राइम्स चौदा वर्षांचा आहे. बाप गेब्रिएल त्याला सैतानाचे पोर समजतो. वस्तीतल्या लहानशा चर्चमध्ये एलायशा नावाचा थोडा मोठा मुलगा आहे. जॉन त्याच्याकडे बघत राहतो. दोघे चर्च झाडताना झोंबी खेळतात, आणि शेवटी जॉनला धर्मानुभव आल्यावर एलायशा त्याच्या कपाळाचे पवित्र चुंबन घेतो. एवढेच घडते. या ओढीला कादंबरी कुठेही नाव देत नाही, कारण जॉनजवळच ते नाव नाही. त्याच्याजवळ फक्त 'पाप' हा शब्द आहे. यातून पहिला धडा मिळतो. वयात येणाऱ्या मुलाच्या तोंडी त्याला ठाऊक नसलेला शब्द घालू नये. आपल्याकडे 'समलिंगी' हा शब्द पुस्तकात भेटतो, 'गे' हा फोनवर भेटतो. गल्लीत भेटते ती शिवी. मुलगा ती शिवी आधी ऐकतो, इतरांबरोबर हसतो, आणि पुढे कधीतरी ती आपल्यालाच लागू आहे हे त्याच्या ध्यानात येते. त्या हसण्यापासून ध्यानात येण्यापर्यंतचा प्रवास हेच या कथेचे खरे कथानक आहे.

येथे जातीच्या अनुभवाशी तुलना करून पाहावी. जात आपल्याला गाव सांगते, शाळा सांगते. आणि संध्याकाळी घरी आल्यावर आई पोटाशी घेते, कारण तिनेही तेच सोसलेले असते. समलिंगी मुलाला ही सोय नाही. त्याचे दुःख घरात कोणाचेच नसते. उलट ज्या आईच्या कुशीत जातीचा अपमान विरघळतो तिच्यापासूनच त्याला लपावे लागते. दोन्ही वेदनांना एकच माप लावणाऱ्याची कथा खोटी पडते.

बाल्डविनची दुसरी कादंबरी 'जिओव्हानीज रूम' (१९५६). तिच्यात समलिंगी प्रेम उघड आहे. पण सगळी पात्रे गोरी आहेत. काळ्यांचा प्रश्न आणि हा प्रश्न, दोन्ही ओझी एकाच पुस्तकात तेव्हा आपल्याला पेलली नसती, असे बाल्डविनने पुढे सांगितले. पहिल्या कादंबरीच्या अमेरिकन प्रकाशकाने हे पुस्तक नाकारले होते. माझ्या विद्यार्थ्याने आडनाव पुसले ते याच कारणाने. तेव्हा त्याला भित्रा म्हणण्यात अर्थ नाही.

या कादंबरीतली एक जागा प्रत्येक होतकरू लेखकाने अभ्यासावी. निवेदक डेव्हिड पोरवयात जोई नावाच्या मित्राबरोबर एक रात्र घालवतो. सकाळी त्याला भीती वाटते, तो पळून जातो. आणि पुढे टवाळ पोरांच्या संगतीला लागून त्याच जोईला छळतो. पुढे पॅरिसमध्ये तो जिओव्हानीलाही असाच सोडतो, आणि जिओव्हानी खुनाच्या आरोपाखाली गिलोटिनवर जातो. डेव्हिड समाजाचा बळी आहेच, पण तो दुसऱ्याचा बळी देतोही. आपल्या लेखनात पीडिताला निष्कलंक ठेवण्याचा मोह फार. भ्यालेला माणूस क्रूर होऊ शकतो, हे दाखवल्याने त्याच्यावरचा अन्याय कमी होत नाही. तो अधिक खोल दिसतो.

जिओव्हानीजवळ निदान एक खोली होती, कोंदट आणि पसाऱ्याने भरलेली का होईना. आमच्या मुलाजवळ ती नाही. दहा बाय दहाच्या घरात सहा माणसे झोपतात. वसतिगृहात एका खोलीत चार खाटा असतात. तिथे एकान्त ही चैन आहे. म्हणून आपल्या कथेतले प्रेम कुठे घडेल, हा प्रश्न लेखकाने आधी सोडवला पाहिजे : पाण्याच्या रांगेत, अभ्यासिकेत, जयंतीच्या मिरवणुकीत, शेवटच्या एसटीत? जागा खरी सापडली की भाषाही खरी सापडते. तीच गोष्ट लग्नाची. पहिल्या पिढीतला नोकरदार मुलगा म्हणजे साऱ्या कुटुंबाची हुंडी. त्याने बहिणीचे लग्न करायचे, आईला पक्के घर बांधायचे, आणि चारचौघांत उठून दिसेल असे स्वतःचे लग्न करायचे. त्याचा 'नकार' येथे मनुस्मृतीला नसतो, तो आईला असतो. विद्रोहाची आपली तयार भाषा या जागी पुरत नाही.

शेवटचे काय? मरणाचा शेवट सोपा असतो. वाचक हळहळतो आणि मोकळा होतो. ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' १९१३–१४ मध्ये लिहिली, तिचा शेवट हट्टाने सुखाचा ठेवला, आणि त्यासाठी ती पेटीत ठेवली. छापली गेली १९७१ साली, त्याच्या मृत्यूनंतर. नायकाला जगवणे हीसुद्धा एक भूमिका असते.

मराठीत हा विषय अगदीच अस्पर्शित नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यात समलिंगी तरुणी होती. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' (२००५) आणि सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबऱ्या आल्या. पण 'कोबाल्ट ब्लू'मधले घर पुण्याचे, मध्यमवर्गीय. आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड' (२००३) या इंग्रजी कादंबरीत मुंबईचा दलित तरुण मिलिंद आहे, पण आपण त्याला पाहतो ते प्रामुख्याने युडी या पत्रकाराच्या नजरेतून. मिलिंदने स्वतः बोलणे अजून बाकी आहे. आत्मकथन ही आपली हुकमी वाट. परंतु येथे खरे नाव लिहिले तर लेखकाबरोबर त्याचा मित्र, त्याची बहीण, त्याची गल्ली उघडी पडते. म्हणून कादंबरी हवी. पात्राचे नाव बदलून सत्य सांगता येणे, ही कल्पित साहित्याची जुनी सोय आहे.

हा विषय चळवळीचा नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन दाखले. ब्लॅक पँथर पक्षाचा एल्ड्रिज क्लीव्हर याने 'सोल ऑन आइस' (१९६८) मध्ये बाल्डविनच्या समलिंगी असण्यावरच हल्ला चढवला. पण त्याच पक्षाचा नेता ह्युई न्यूटन याने ऑगस्ट १९७० मध्ये समलिंगी मुक्तीच्या चळवळीशी मैत्री करण्याचे जाहीर आवाहन केले. आणि बाल्डविन? त्याने 'जस्ट अबव्ह माय हेड' (१९७९) मध्ये चर्चमध्ये गाणारा काळा, समलिंगी आर्थर उभा केला, आणि त्याची गोष्ट त्याच्या सख्ख्या भावाच्या तोंडून सांगितली. फुटलेल्या गोष्टी एकत्र आल्या, त्या भावाच्या प्रेमामुळे.

दुसरा दाखला घरचा. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही होते. १९३४ साली कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब. पुणे कराराला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. कामांची कमतरता होती असे नव्हे. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नीतीचाच आधार दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये घेतला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या गुन्ह्यातून मोकळे केले, तेही याच नीतीच्या बळावर. लोकांना काय रुचते यावर माणसाचा हक्क ठरत नाही, हे आपण चवदार तळ्यावर शिकलो आहोत.

'आपल्या समाजाची बदनामी होईल' हा आक्षेप आत्मकथनांवरही आपल्याच शिकलेल्या माणसांनी घेतला होता. आज तीच आत्मकथने आपण अभ्यासक्रमात शिकवतो. तेव्हा शिक्षकांना आणि नियतकालिके चालवणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे : अशी वही समोर आली तर तिच्यातले शुद्धलेखन तपासण्याआधी ती पूर्ण वाचा, तिची वाच्यता करू नका, आणि लिहिणाऱ्याला सांगा की आडनाव घाल, वस्ती घाल, आई घाल. ते सगळे घालूनही आम्ही ती छापू.