रस्ता झाला, मावेजा राहिला

धाराशिव जिल्ह्यातल्या भूसंपादनाची गोष्ट धरणांपासून सुरू करायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. तेरणा, निम्न तेरणा, सीना-कोळेगाव, कळंब तालुक्यात पाणी पसरवणारा मांजरा प्रकल्प. मग 1993च्या भूकंपानंतर नव्या गावठाणांसाठी गेलेली शेतं, कौडगावची एमआयडीसी, सोलापूरकडून येणारा चौपदरी महामार्ग. या सगळ्यांत निदान अधिसूचना निघाली, निवाडा झाला, कमी का होईना पैसा हातात पडला. पण ज्या संपादनाला संपादन म्हणायलाच कुणी तयार नव्हतं, ते या यादीत कधी येत नाही. वकिलीतली उमेदीची वर्षं मी त्यातच घालवली, म्हणून आधी त्याबद्दल.

1972चा दुष्काळ. सरकारने कामं काढली. माणसं खडी फोडायला, नालाबांध घालायला, पाझर तलाव खोदायला गेली. सुकडी आणि मिलोवर दिवस निघाले. कामं निघाली ती कुणाच्या ना कुणाच्या शेतातूनच. भूसंपादन कायद्याच्या कलम 4ची अधिसूचना नाही, नोटीस नाही, निवाडा नाही. गावातल्या चार शहाण्यांनी सांगितलं, सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आडवं येऊ नका. शेतकरी आडवा आला नाही. पुढे सरकारने याच गप्प बसण्याला स्वखुशीची संमती म्हटलं.

अशा पक्षकारांच्या पिशवीतून सातबारा आणि शेतसाऱ्याच्या पावत्या निघायच्या. सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्वीइतकंच. शेतावर जाऊन पाहिलं की मधोमध डांबरी सडक, दोन्ही अंगांना चर, विहीर एका तुकड्यात आणि दुसरा तुकडा कायमचा जिरायत, कारण सडकेखालून पाइप न्यायला परवानगी हवी. एक म्हातारे म्हणाले होते, "वकीलसाहेब, मावेजाचं राहू द्या. तेवढं क्षेत्र तरी सातबाऱ्यावरून कमी करा. सडकेचा सारा आम्ही किती वर्सं भरायचा?"

औरंगाबाद खंडपीठाने अशा शेतकऱ्यांच्या बाजूने हुकूम दिले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1995 साली 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध दिगंबर' या निकालात ते हुकूम रद्द झाले. वीस वर्षं उशीर केला, हे मुख्य कारण. आमच्याच बारमधले काही विद्वान तेव्हापासून सांगत आले की विषय संपला. मला ते कधीच पटलं नाही. 1972 साली मालमत्तेचा हक्क राज्यघटनेत मूलभूत हक्क होता. 44व्या दुरुस्तीने तो तिथून निघाला आणि कलम 300-अमध्ये गेला, ते 1979 साली. ज्या दिवशी शेतात खडी पडली, त्या दिवशी कायद्याशिवाय जमीन घेण्याची मुभा सरकारला नव्हती. 2012 साली तुकाराम काना जोशी प्रकरणात एमआयडीसीचा उशिराचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. 2020 साली विद्या देवी प्रकरणात, 1967-68मध्ये रस्त्यासाठी जमीन गेलेल्या हिमाचलमधल्या निरक्षर विधवेला न्याय मिळाला, तोही पन्नास वर्षांनंतर. नागरिकाच्या जमिनीवर सरकारला प्रतिकूल कब्जाचा हक्क सांगता येत नाही, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. दिगंबर निकाल अजून पुस्तकात आहे, पण वारं फिरलं आहे. विषय संपला म्हणणाऱ्यांनी हे निकाल एकदा शांतपणे वाचावेत.

माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय जुन्या भूसंपादन कायद्यातलं कलम 28-अ. निवाड्याची रक्कम निषेध नोंदवून घ्यायची आणि कलम 18खाली मुदतीत रेफरन्स मागायचा, हे शेजाऱ्याला जमलं. गरिबाला मुदत कळली नाही, वकील परवडला नाही. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याचा दर न्यायालयाने वाढवला, तर निकालापासून तीन महिन्यांत अर्ज करून गरिबालाही तोच दर मागता येतो. 1984च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद 2013च्या कायद्यात कलम 73 म्हणून टिकली. एवढी माणुसकीची तरतूद, पण निकाल लागल्याचं गावात सांगतो कोण? आम्ही निकालाची प्रत मिळाली की चावडीवर माणूस पाठवायचो. आता निकाल मोबाइलवर दिसतो आणि तीन महिने तसेच निघून जातात.

महामार्गाचं थोडक्यात सांगतो. तिथे भूसंपादन अधिकाऱ्याच्या दरावर तक्रार लवादाकडे, आणि लवाद म्हणजेही सरकारी अधिकारीच. तरी 2019च्या तर्सेम सिंग निकालाने महामार्गात गेलेल्या जमिनींनाही दिलासा रक्कम आणि व्याज मिळवून दिलं, हे मोठं काम झालं. मालमत्ता कराचं याहून थोडक्यात: नगरपालिकेची आकारणी असो की ग्रामपंचायतीची, हरकत मुदतीत आणि लेखी द्या, पोच घ्या. नमुना 8वर घराचं बांधकाम दगडी की पत्र्याचं, खोल्या किती, हे नीट लिहून घ्या. घर उद्या रस्त्यात गेलं तर तोच कागद उपयोगी पडतो.

आजचं चित्र पाहून मन विषण्ण होतं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेसाठी जमिनी गेल्या. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत जिल्हा आहे आणि मोजणीला गावागावांतून विरोध झाला. पूर्वी संयुक्त मोजणीच्या दिवशी वकील बांधावर असायचा. उन्हाळ्यात आटलेली विहीर पंचनाम्यात 'पडीक' लिहिली जात असेल तर तिथल्या तिथे कठडा, मोटर, पाइपलाइन आणि भिजणारं क्षेत्र लिहायला लावायचा, कारण बागायतीचा दर त्या ओळीवर ठरतो. आता वकील दिसत नाही, टक्क्यांवर काम घेणारा मध्यस्थ दिसतो. संमतीने थेट खरेदी दिली की पंचवीस टक्के जास्त, हे तो सांगतो. सही झाली की न्यायालयात दर वाढवून मागण्याची वाट बंद होते, हे सांगत नाही.

गावकऱ्यांनाही एक सांगणं आहे. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात किंमत कमी लिहिण्याची सवय आपल्याला भोवते आहे. 2013च्या कायद्यात बाजारभाव ठरवताना मागच्या तीन वर्षांतले व्यवहार बघतात आणि त्यातल्या वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी घेतात. वरचेच आकडे खोटे असतील, तर शंभर टक्के दिलासा रकमेसह येणारा मावेजाही तोकडाच निघणार.

माझी मागणी जुनीच आहे. 1972च्या कामांत गेलेल्या जमिनींची गावनिहाय यादी करा: गट नंबर, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, प्रत्यक्ष मोजणी, रस्ता की तलाव. ते काम डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचे जबाब आजच लिहून घेतले नाहीत तर पुरावा त्यांच्याबरोबर जाईल. सरकारने हे करावं. नाही केलं, तर भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या वकील मंडळींनी फी न घेता करावं. या शेतकऱ्यांनीही आपली जमीन पैसे न घेताच दिली होती.