आयकराचे कागद कोणाच्या हातीं द्यावे ?

आषाढीच्या दिंड्या पंढरीच्या वाटेस लागल्या, कीं सोलापूर शहरांत दुसरीही एक वारी सुरू होते. नव्या पेठेपासून जुळे सोलापुरापर्यंत "येथें रिटर्न भरून मिळेल" असे फलक झळकूं लागतात, आणि पेन्शनर, शिक्षक, बँकेंतील नोकर, डॉक्टर, यंत्रमागाचे लहान मालक अशी सर्व मंडळी कागदांची पिशवी घेऊन त्या फलकांखालीं दाखल होतात. जुलै महिना सरूं लागतो तसतशी घाई वाढते, आणि घाईंत माणूस पारखून घेण्याचें राहून जातें. मुलीसाठीं स्थळ पाहतांना तीन पिढ्यांची चौकशी करणारे गृहस्थ, आपली सबंध वर्षाची मिळकत आणि बँकांचीं सर्व खातीं ज्याच्यापुढें उघडीं करावयाचीं त्याला मात्र "शेजारच्या घरचें काम तोच करतो" एवढ्या शिफारशीवर पसंत करतात. या निष्काळजीपणाची किंमत काय पडते, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

आयकर आपल्या देशास नवा नाहीं. १८५७ च्या उठावानंतर रित्या झालेल्या सरकारी तिजोरीची भरपाई करण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं तो १८६० सालीं प्रथम बसविला. पुढें १८८६, १९२२ व १९६१ सालीं त्याचे कायदे झाले. आणि १९६१ च्या कायद्याच्या जागीं आलेल्या २०२५ च्या कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला. कायदे बदलले तरी एक तत्त्व कायम आहे. विवरणांत जें लिहिलें असेल त्याबद्दल सरकार प्रथम करदात्यास जाब विचारतें. खोटें लिहिण्यास साहाय्य करणाराही शिक्षेस पात्र असतो हें खरें. पण तेवढ्यानें करदाता सुटत नाहीं. "मला ठाऊक नव्हतें, त्यानें भरलें," हें उत्तर सहीपुढें टिकत नाहीं.

हें भय काल्पनिक नव्हे. १४ जुलै २०२५ रोजीं आयकर खात्यानें देशांत १५० ठिकाणीं तपासणीची मोहीम काढली. तींत महाराष्ट्रही होता. रिटर्न भरून देणारे कांहीं लोक घरभाडें, देणग्या, आरोग्यविमा, शिक्षणकर्जाचें व्याज अशा खोट्या वजावटी दाखवून भरमसाट रिफंड मिळवीत व त्यावर कमिशन घेत, असें तींत आढळलें. त्यांच्या नादीं लागलेले लोक अडाणी होते असें मात्र नाहीं. मोठमोठ्या कंपन्या, सरकारी कचेऱ्या व शिक्षणसंस्था यांतील नोकरही त्यांत होते. त्यापूर्वींच्या चार महिन्यांत खात्यानें दिलेल्या सूचनांवरून सुमारें ४०,००० करदात्यांनीं आपलीं विवरणें दुरुस्त करून १,०४५ कोटि रुपयांचे खोटे दावे आपण होऊन मागें घेतले होते. याहून विलक्षण प्रकार असा कीं, हे लोक तात्पुरते ई-मेल पत्ते उघडून घाऊक विवरणें भरीत व मागाहून ते पत्ते सोडून देत. मग खात्याच्या नोटिसा तेथेंच न वाचतां पडून राहत, आणि ज्याच्या नांवें नोटीस, तो घरीं स्वस्थ बसलेला असे.

थोडा हिशेब करून पाहूं. जुन्या करपद्धतींत वीस टक्क्यांच्या पायरीवर असलेल्या एखाद्या प्राध्यापकाच्या विवरणांत, एक लाख रुपयांची कधींच न दिलेली देणगी राजकीय पक्षाच्या नांवें कोणी घुसडली असें समजा. उपकर धरून २०,८०० रुपये कर वांचतो. भरून देणारा त्यांतून आपला वाटा उचलतो. पुढें बिंग फुटलें म्हणजे तो कर भरावा लागतो, आणि मिळकत खोटी दाखविल्याबद्दल कराच्या दुपटीनें, म्हणजे ४१,६०० रुपये दंड होऊं शकतो. मिळून ६२,४०० रुपये झाले; व्याज निराळेंच. सचोटीनें मिळविलेल्या नांवास जो डाग लागतो, त्याचा तर हिशेबच नाहीं.

मग माणूस निवडावा कसा ? वाचकांनीं प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, दुसऱ्याचें विवरण नुसतें भरून देण्यास आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाहीं. संगणक आहे त्यानें दुकान मांडावें. आयकर अधिकाऱ्यापुढें करदात्याच्या वतीनें उभें राहण्याचा अधिकार मात्र सनदी लेखापाल, वकील, कायद्यानें मान्य केलेले करव्यवसायी, नातलग अशा ठराविक लोकांसच आहे; आणि व्यवसायाच्या हिशेबांचें करविषयक लेखापरीक्षण तर केवळ सनदी लेखापालच, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यांतला सी.ए., करूं शकतो. १९४९ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेची सभासदयादी संकेतस्थळावर कोणासही पाहतां येते. सी.ए.नें दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर १८ आंकडी ओळखक्रमांक असतो. तो खरा कीं खोटा हें घरबसल्या ताडून पाहतां येतें. सनदेचें खरें मोल केवळ ज्ञानांत नाहीं. सनद असलेल्या माणसाची तक्रार करण्यास जागा असते, व गैरवर्तनाबद्दल त्याची सनद जाऊं शकते; फलकवाल्याचें काय जाणार ? तो पुढच्या वर्षीं दुसऱ्या गल्लींत दुसरा फलक लावील.

म्हणून प्रत्येकानें सी.ए.कडेच धांवलें पाहिजे, असें आमचें म्हणणें नाहीं. केवळ पेन्शन व दोन ठेवींचें व्याज एवढीच मिळकत असेल, तर पोर्टलावर बरीच माहिती आधींच भरलेली असते. घरांतील शिकलेला मुलगा किंवा सून तें काम सहज करील. घर किंवा शेअर विकले असतील, दुकान वा माग चालत असेल, परदेशांत मिळकत असेल, तेथें मात्र जाणता माणूसच हवा.

सोलापुरी चादर घेतांना येथील माणूस पोत बोटांत धरून पाहतो, वजन पाहतो, मगच दर विचारतो. सल्लागाराचा पोत त्याच्या प्रश्नांवरून कळतो. "सर्व बँकांतलें व्याज सांगा, पत्नीच्या नांवें तुम्हीं दिलेल्या पैशाची ठेव आहे काय? जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनीं कर काढून पाहूं, पोर्टलावरचें वार्षिक माहिती-विवरण आधीं दाखवा," असें जो म्हणतो, तो जाणता समजावा. कारण नवऱ्याच्या पैशांतून बायकोच्या नांवें ठेवलेल्या ठेवीचें व्याज सामान्यतः नवऱ्याच्याच मिळकतींत धरलें जातें, हें पुष्कळ सुशिक्षितांसही माहीत नसतें. उलट, कागद पाहण्यापूर्वींच जो रिफंडाचा आंकडा सांगतो, त्याच्या पायऱ्या उतरून यावें. तसेंच जो रिफंडाच्या टक्केवारीवर फी मागतो त्यासही दुरूनच नमस्कार करावा. अशी फी घेणें सनदी लेखापालांना त्यांच्या आचारसंहितेनें सामान्यतः मना आहे. फी आधीं ठरवावी, व तिची पावती घ्यावी. फलकावर सी.ए.चें नांव असेल, तर तो स्वतः कागद पाहतो कीं नाहीं, हेंही विचारावें.

माणूस कितीही चांगला मिळाला तरी कांहीं गोष्टी आपल्याच हातीं ठेवाव्या. पोर्टलावर मोबाइल क्रमांक व ई-मेल पत्ता आपलाच हवा; २०१९ पासून पुष्कळशी तपासणी समोरासमोर न होतां संगणकाद्वारें होऊं लागली आहे, आणि सोलापूरच्या माणसाचें प्रकरण दुसऱ्याच शहरांतील अधिकारी पाहूं शकतो. रिफंडाचें बँकखातें आपलेंच असावें. मूळ कागद देऊं नयेत, प्रती द्याव्या. ओटीपी हीच आजची सही आहे. विवरण नजरेखालून घातल्यावांचून ती सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणें होय. विवरण भरल्यावर तीस दिवसांच्या आंत त्याची पडताळणी झाली कीं नाहीं तें पाहावें. आणि विवरणाची प्रत, कराचा हिशेब व पोंचपावती हे तीन कागद मागून घेऊन दरवर्षीं एका फाइलींत लावावे.

शेवटीं आमच्या भगिनींस एक विनंती आहे. घरांतला हा व्यवहार बहुधा पुरुष एकटाच पाहतो. तो अकस्मात् गेला, तर त्याच्या त्या वर्षाच्या मिळकतीचें विवरण भरण्याचें काम वारसांवरच येतें. आणि त्या दुःखाच्या दिवसांत सल्लागाराचें नांव, फाइलीची जागा व पासवर्ड यांतलें कांहींच ठाऊक नसलें, म्हणजे पत्नीस परक्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. तेव्हां यंदा कागद देण्यास जातांना पतिपत्नींनीं बरोबर जावें, आणि प्रश्न दोघांनींही विचारावे.