लढाई थांबते, कागद मागे उरतो



लढाई म्हटली की आपल्याला सीमेवरचे जवान आठवतात. पण आपल्या जिवतीच्या डोंगरावरही एका जुन्या लढाईचा हिशेब अजून मिटलेला नाही. वनहक्काच्या दाव्यावर ‘पुरावा जोडा’ असा शेरा येतो, तेव्हा तोच हिशेब आपल्या दारात उभा राहतो.

राजुरा-जिवतीचा हा मुलूख पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. पलीकडे जोडेघाटला कुमराम भीम यांनी जल, जंगल, जमिनीसाठी गोंड बांधवांना उभे केले. 1940 मध्ये निजामाच्या पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियाचे अभ्यासक जर्मन पासपोर्टमुळे शत्रुदेशाचे ठरले आणि हैदराबाद राज्यात अडकले. त्यांनी गोंडांचे हाल सरकारपुढे मांडले. पुढे अनेक कुटुंबांना पट्टे मिळाले आणि 1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक घडू लागले.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची राजवट संपली. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली: राजुरा मुंबई राज्यात आले, आदिलाबाद आंध्रात गेले. सोयरीक दोन्हीकडे, कागद मात्र वाटले गेले. मुकदमगुडा, परंडोळी, अंतापूर अशा गावांवर आजही दोन राज्ये हक्क सांगतात.

आता 2006 चा वनहक्क कायदा पाहू. आदिवासी कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर-आदिवासी कुटुंबाला मात्र त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. म्हणजे थेट 1930 साल! तेव्हा इथे निजामाचा अंमल होता आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. मराठवाड्यातून दुष्काळात आलेल्या आपल्या बहिणींना तर ही अट फारच जड जाते.

मग करायचे काय? नियमात सरकारी कागदाबरोबर इतर पुरावेही चालतात: गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, देवस्थान, दफनभूमी. दावेदाराने स्वतःचाच जबाब देऊन भागत नाही, आणि एकाहून जास्त पुरावे लागतात. घरात उर्दू कागद असेल तर तो फेकू नका, जाणकाराकडून वाचून घ्या.

आपल्या गटांनी या महिन्याच्या बैठकीत एवढे ठरवू या: गावातल्या म्हाताऱ्या आजींकडे बसायचे, त्यांच्या आठवणी वहीत उतरवायच्या आणि ग्रामसभेत वनहक्क समितीपुढे ठेवायच्या. आणि एक विसरू नका: लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. तो हातात आला की आधी आपले नाव वाचा.