मूत्रपिंडातील गाठीचे सक्रिय निरीक्षण आणि चिंता

मूत्रपिंडात लहान गाठ आढळल्यावर ती लगेच न काढता ठरावीक अंतराने तपासत राहण्याच्या पद्धतीस सक्रिय निरीक्षण असे म्हणतात. गाठ शरीरात असतानाच दैनंदिन आयुष्य चालू ठेवावयाचे असल्याने या काळात चिंता वाटणे स्वाभाविक असते. ही चिंता पूर्णपणे नाहीशी होईलच असे नाही. मात्र तिला मर्यादा घालता येते.

पार्श्वभूमी

सोनोग्राफी व सीटी स्कॅन सर्रास होऊ लागल्यापासून अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत मूत्रपिंडातील गाठ अनपेक्षितपणे दिसण्याचे प्रमाण वाढले आहे. अशा बहुतेक रुग्णांना कोणताही त्रास होत नसतो. ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ लहान मानली जाते. शस्त्रक्रियेने काढलेल्या लहान गाठींपैकी सुमारे २० टक्के कर्करोगाच्या नसतात. निरीक्षणाखालील गाठींच्या वाढीचा सरासरी वेग वर्षाला सुमारे ३ मिलिमीटर आढळला असून काही गाठी वर्षानुवर्षे वाढत नाहीत. पहिल्या काही वर्षांत रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण १ ते २ टक्के इतके कमी आहे. त्यामुळे वृद्ध, हृदयविकार असलेल्या किंवा मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेचा धोका गाठीच्या धोक्यापेक्षा अधिक ठरू शकतो.

निरीक्षणाचे स्वरूप

सुरुवातीस साधारणतः ३ ते ६ महिन्यांनी, व गाठ स्थिर राहिल्यास पुढे ६ ते १२ महिन्यांनी तपासणी होते. रक्तातील क्रिएटिनिनही पाहिले जाते. गाठ वर्षाला ५ मिलिमीटरपेक्षा अधिक वाढणे, तिचा आकार ३ ते ४ सेंटिमीटरच्या पुढे जाणे किंवा लघवीतून रक्त जाणे, अशा वेळी उपचाराचा विचार केला जातो. तेव्हाही अनेकदा मूत्रपिंडाचा केवळ बाधित भाग काढणे शक्य असते. म्हणजेच, निरीक्षण हे दुर्लक्ष नव्हे. उपचाराचा निर्णय योग्य वेळेपर्यंत राखून ठेवण्याची ती रीत आहे.

चिंतेचे स्वरूप

अमेरिकन परिचर्या-संशोधक मर्ल मिशेल यांनी १९८८ मध्ये आजारपणातील अनिश्चिततेचा सिद्धान्त मांडला. आजाराशी निगडित घटनांचा अर्थ लावता येत नाही, तेव्हा मन अस्वस्थ होते, असे त्याचे सार आहे. निरीक्षणाखालील रुग्णाची अवस्था नेमकी अशीच असते. ही चिंता वर्षभर सारखी नसते. तपासणीच्या आधीचे दिवस व अहवालाची प्रतीक्षा या काळात ती वाढते. इंग्रजीत तिच्यासाठी ‘स्कॅन्झायटी’ हा शब्द रूढ झाला असून लेखक ब्रूस फाइलर यांनी २०११ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात तो वापरला होता.

अनावर चिंता दोन प्रकारे अपाय करते. काही रुग्ण भीतीपोटी गरज नसताना शस्त्रक्रियेचा आग्रह धरतात. तर काही रुग्ण त्याच भीतीने तपासणी टाळतात. दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण तपासणी चुकल्यास निरीक्षणाचा आधारच नाहीसा होतो.

चिंता आटोक्यात ठेवण्याचे उपाय

लेखी आराखडा : पुढील तपासणी केव्हा, कोणती व कोणत्या बदलानंतर उपचार सुरू होतील, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

आकड्यांचा अर्थ : मोजणाऱ्या व्यक्तीनुसार मापात २ ते ३ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. एकाच अहवालावरून निष्कर्ष न काढता मागील सर्व मापे तक्त्यात मांडावीत. शक्यतो एकाच प्रकारची तपासणी एकाच ठिकाणी करावी.

अहवालाची भेट : तपासणीची वेळ ठरवतानाच अहवाल समजावून घेण्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्यावी. त्यामुळे प्रतीक्षेचे दिवस कमी होतात.

चिंतेची ठरावीक वेळ : मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या तंत्राचा अभ्यास मांडला. दिवसातील अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवावा. इतर वेळी आलेले विचार त्या वेळेपुरते पुढे ढकलावेत.

स्वतःच्या हातातील गोष्टी : रक्तदाब नियंत्रणात ठेवणे, तंबाखू व धूम्रपान सोडणे, नियमित चालणे आणि वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे यांमुळे मूत्रपिंडाचे रक्षण होते व आपण काही करत आहोत ही भावनाही टिकते.

कुटुंबाची भूमिका

अनेक घरांत ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारणे टाळले जाते, तर कधी अहवाल रुग्णापासूनच लपवला जातो. अशा मौनामुळे रुग्ण एकटा पडतो. ‘गाठ अंगात ठेवलीच कशी?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाने विश्वास डळमळतो. त्यामुळे निदान एका आप्ताने डॉक्टरांच्या भेटीस सोबत जाऊन आराखडा समजून घ्यावा व प्रश्न आधीच लिहून न्यावेत.

तज्ज्ञांची मदत

झोप, भूक किंवा कामातील लक्ष २ आठवड्यांहून अधिक काळ बिघडल्यास मानसोपचारतज्ज्ञ अथवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटत असल्यास मुळीच थांबू नये. भारत सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध असून तेथे चोवीस तास व मराठीतही बोलता येते. उपाय करूनही चिंता असह्य राहिल्यास तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रुग्णाची मनःस्थिती हाही उपचाराच्या निर्णयातील एक ग्राह्य निकष आहे. निरीक्षण स्वीकारल्यानंतरही निर्णय बदलण्याचा अधिकार रुग्णाकडे कायम असतो.