यंत्र स्वस्त, खेळ महाग

टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल घ्यावा की खेळांसाठी चांगला संगणक, हा वाद तुमच्यापैकी अनेकांच्या घरी झाला असेल. दुकानातील किमतीच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर तो तिथेच मिटल्यासारखा वाटतो. प्लेस्टेशन 5 हा कन्सोल 2 फेब्रुवारी 2021 रोजी भारतात विक्रीस आला तेव्हा तबकडी चालणाऱ्या यंत्राची किंमत 49,990 रुपये होती. तेवढ्या पैशांत तशीच सफाईदार चित्रे दाखवणारा संगणक जुळवणे त्या वेळी फार अवघड होते. पण चिठ्ठीवरची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. पुढची पाच-सहा वर्षे पैसे जातच राहतात, आणि ते कोठे जातात हे पाहिले की गणित निराळेच दिसू लागते.

प्रथम कन्सोल स्वस्त का असतो ते पाहू. एकाच नमुन्याची लाखो यंत्रे बनतात, म्हणून प्रत्येकी खर्च कमी येतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. शाईचे छपाईयंत्र स्वस्तात मिळते आणि शाईच्या कुप्या मात्र महाग असतात, हे तुम्ही पाहिले असेल. कन्सोलचा धंदा असाच आहे. त्या यंत्रासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे यंत्राच्या कंपनीला वाटा मिळतो. त्यामुळे यंत्र तोट्यात विकणेही तिला परवडते. 2006 साली प्लेस्टेशन 3 बाजारात आला तो उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीला. याचा फायदा कोणी घ्यावा? अमेरिकेच्या वायुदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने! तिने 2010 साली 1,700 हून अधिक प्लेस्टेशन 3 एकमेकांना जोडून एक महासंगणक उभा केला. गणनशक्ती स्वस्तात मिळाली आणि वायुदलाने त्यावर खेळ काही विकत घेतले नाहीत.

संगणकाची तऱ्हा वेगळी. त्याचे ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्याला तुम्ही पुढे खेळ घेतलात तरी त्यातून काही मिळत नाही. त्याला आपला नफा कार्डावरच काढावा लागतो. म्हणून संगणक महाग.

आता आपण हिशेब मांडू. पुढील आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. कन्सोल 55,000 रुपयांना आणि संगणक 90,000 रुपयांना घेतला असे समजा. म्हणजे सुरुवातीलाच 35,000 रुपयांचा फरक. दोन्हीकडे वर्षाला चार नवे खेळ घ्यायचे आणि रोज दोन तास खेळायचे. (रोज दोन तास हे तुमच्या आईला मान्य आहे असेही समजा.)

कन्सोलवर बहुतेक विकतचे खेळ इंटरनेटवरून इतरांशी खेळायचे तर वार्षिक वर्गणी भरावी लागते. ती 4,000 धरू. संगणकावर अशी वर्गणी सहसा नसते. कन्सोलचा नवा खेळ 5,000 ला, तर संगणकाचा खेळ थोडे थांबून सवलतीच्या दिवसांत घेतला तर सरासरी 2,000 ला मिळतो असे धरू.

राहिली वीज. खेळताना कन्सोल सुमारे 200 वॉट आणि ताकदवान संगणक 400 वॉट वीज घेतो असे माना. संगणकाच्या वीजपुरवठा पेटीवर 750 वॉट लिहिलेले पाहून घाबरू नका. ती तिची कमाल क्षमता आहे, नेहमीचा वापर नव्हे. वर्षाचे तास 730. म्हणजे कन्सोलला 146 युनिटे आणि संगणकाला 292. युनिटला 10 रुपये दराने 1,460 आणि 2,920 रुपये झाले. महिन्याचा एकूण वापर वाढला की वरच्या युनिटांना पुढच्या टप्प्याचा चढा दर लागतो, हे मात्र घरचे वीजबिल काढून पाहा.

बेरीज करा. कन्सोलचा वार्षिक खर्च 25,460 आणि संगणकाचा 10,920. फरक 14,540 रुपये. 35,000 ला 14,540 ने भागले की सुमारे 2.4 येतात. म्हणजे साधारण दोन वर्षे पाच महिन्यांनी संगणक स्वस्त ठरला.

संगणकवाल्यांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. चौथ्या वर्षाअखेर नवे खेळ अडखळू लागले आणि 30,000 चे नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागले, तर आलेखावरील संगणकाची रेषा तेथे एकदम उडी मारते आणि कन्सोलच्या वर जाते. पुन्हा खाली यायला तिला जवळजवळ सहा महिने लागतात. सहा वर्षांअखेर कन्सोलचे 2,07,760 आणि संगणकाचे 1,85,520 रुपये होतात.

या हिशेबात आपण एक गोष्ट विसरलो. कन्सोलची तबकडी ही वस्तू आहे. खेळून झाली की ती विकता येते. संगणकाचे खेळ मात्र आज बहुधा तुमच्या खात्याला बांधलेले असतात, ते दुसऱ्याला विकता येत नाहीत. पाच हजारांची तबकडी तीन हजारांना गेली, तर तो खेळ तुम्हाला दोन हजारांनाच पडला. मग कन्सोलचा वार्षिक खर्च 13,460 वर येतो आणि सहा वर्षांचे 1,35,760 होतात. संगणक जवळपास पन्नास हजारांनी महाग! नवे कार्ड घेतले नाही तरी त्याला बरोबरी साधायला पावणेचौदा वर्षे लागतील, आणि तितकी वर्षे नवे खेळ पेलणारा संगणक कोणाच्या घरी असेल असे वाटत नाही.

यावरून प्लेस्टेशन 5 च्या बिनतबकडीच्या यंत्राकडे पाहा. 2021 साली ते 39,990 ला, म्हणजे दहा हजारांनी स्वस्त होते. पण वर्षाला चार तबकड्या विकून येणारे 12,000 रुपये त्यात बुडतात. वाचवलेले दहा हजार वर्ष संपण्याआधीच परत गेले.

‘थांबा, किंमत उतरेल’ हा जुना सल्लाही आता डोळे मिटून मानण्यासारखा नाही. प्लेस्टेशन 2 अमेरिकेत 2000 साली 299 डॉलरना आला, 2002 मध्ये 199 वर आणि 2009 मध्ये 99 वर उतरला. चिपवरील ट्रान्झिस्टर दर काही वर्षांनी अधिक लहान आणि स्वस्त होत गेले, त्याचा हा परिणाम. आज ते लहान होतात, पण पूर्वीसारखे स्वस्त होत नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये, बाजारात येऊन जवळजवळ पाच वर्षे झालेल्या प्लेस्टेशन 5 ची किंमत अमेरिकेत 50 डॉलरनी वाढली.

आणखी एक आकडा घरातल्या घरात ठरतो. अभ्यासासाठी संगणक घ्यायचाच असेल, आणि साधा संगणक 40,000 ला मिळत असेल, तर खेळाच्या खात्यावर 90,000 नव्हे, वरचे 50,000 च मांडायला हवेत. ते कन्सोलच्या 55,000 पेक्षा कमी आहेत. तेव्हा आलेखातील संगणकाची रेषा पहिल्या दिवशीच खालून सुरू होते.